वेग खाणारे बुडबुडे

परळीच्या औष्णिक केंद्रात वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरते आणि वीज तयार होते. वाफेचे टर्बाइन व्यवहारात आणणारे अभियंते म्हणजे सर चार्ल्स पार्सन्स. त्यांची दुसरी एक कामगिरी मात्र आम्हा डॉक्टरांना जवळची वाटावी अशी आहे. औषध वाढवण्याआधी रोग नेमका कुठे आहे हे शोधायचे, ही आमची शिस्त त्यांनी एका बोटीच्या बाबतीत पाळली.

पार्सन्स यांचा जन्म १३ जून १८५४ रोजी लंडनमध्ये झाला. वडील लॉर्ड रॉस नामांकित खगोलशास्त्रज्ञ होते. आयर्लंडमधील आपल्या वाड्यात त्यांनी सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली होती. चार्ल्स शाळेत गेलेच नाहीत. घरचे शिक्षक आणि वडिलांची कार्यशाळा हीच त्यांची शाळा. केंब्रिजमध्ये गणित शिकून हा उमरावपुत्र न्यूकॅसलच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. १८८४ मध्ये त्यांनी पहिले टर्बाइन बनवले. ते मिनिटाला १८,००० फेऱ्या घेत असे.

हे यंत्र जहाजालाही चालेल, हे दाखवण्यासाठी १८९४ मध्ये त्यांनी ‘टर्बिनिया’ ही सुमारे ३१ मीटर लांबीची बोट पाण्यात उतरवली. चाचणीत वेग २० नॉटच्या पुढे जाईना. पंखे बदलून झाले, तरी गाडी अडलेलीच. कंपनीचे भांडवल आणि टर्बाइनचे भवितव्य, दोन्ही पणाला लागले होते. पार्सन्स यांनी पंख्याच्या दांड्यावर किती जोर पोहोचतो, हे मोजले. जोर पुरेसा होता. म्हणजे दोष टर्बाइनचा नव्हता, पंख्याचा होता.

पाणी फक्त तापवल्यानेच उकळते असे नाही. दाब पुरेसा उतरला, तर थंड पाण्याचीही वाफ होते. वेगाने फिरणाऱ्या पात्यामागे दाब इतका घसरतो की वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पंखा पाण्याऐवजी पोकळी ढकलत राहतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात विहीर खोल गेली की काठावरचा पंप आत खडे पडल्यासारखा खडखडतो, तेव्हाही अनेकदा हेच घडत असते. तिथे मोठी मोटर बसवून दुखणे वाढते. वीज बंद करून फूटव्हॉल्व्हमधला कचरा काढणे आणि पंप पाण्याच्या जवळ उतरवणे, हा खरा इलाज. जेट बोटीत तर पंपच बोट ढकलतो. तिथेही आधी पाणी ओढणाऱ्या जाळीतले गवत आणि पात्यांची झीज पाहावी लागते.

पार्सन्स यांना बुडबुडे डोळ्यांनी पाहायचे होते. त्यांनी छोटा पंखा उकळीच्या जवळ तापवलेल्या पाण्यात फिरवला, म्हणजे कमी वेगातही वाफ धरेल. पुढे हवेचा दाब कमी करता येईल असे बंद पात्र तयार केले. क्षणाक्षणाने चमकणाऱ्या उजेडात फिरते पाते थांबल्यासारखे दिसे आणि त्यावरचे बुडबुडेही.

निदान झाल्यावर उपचार ठरला. एका टर्बाइनऐवजी तीन, तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन पंखे. भार नऊ पंख्यांत वाटला गेला, पात्यांचे क्षेत्रफळ वाढले. जून १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवी नौदल संचलनात टर्बिनिया ३४ नॉटच्या आसपास धावली आणि तिला कोणी गाठू शकले नाही. काही वर्षांतच युद्धनौकांवर टर्बाइन आले.

पंख्यांची पाती खड्डे पडून का झिजतात, हा प्रश्न मात्र उरला होता. फुटणारा बुडबुडा किती प्रचंड दाब निर्माण करतो, याचे गणित १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी मांडले. १९१९ मध्ये पार्सन्स आणि कुक यांनी प्रयोगांतून त्याला दुजोरा दिला. त्याआधीच, १९१८ मध्ये, पार्सन्स यांचा एकुलता मुलगा महायुद्धात मारला गेला होता. ११ फेब्रुवारी १९३१ रोजी जमैकाजवळ, जहाजावरच त्यांचे निधन झाले.

पोलादाला खड्डे पाडणारी तीच ताकद आज दवाखान्यात कामाला लावली आहे. बाहेरून धक्कालहरी सोडून मुतखडा फोडताना खड्याभोवती असेच बुडबुडे तयार होतात आणि फुटताना तो चुरायला मदत करतात. म्हणूनच लहरींचा जोर आणि संख्या मोजून-मापून ठरवावी लागते, कारण शेजारी मूत्रपिंडाचा नाजूक ऊतक असतो.