विधानसभेचे नगरकर अध्यक्ष

स्वातंत्र्याची पहाट झाली तेव्हा मुंबई विधानसभेच्या अध्यक्षपदी नगरचे एक वकील विराजमान होते. कुंदनमल शोभाचंद फिरोदिया यांचा जन्म १८८५ सालचा. वकिली करताना ते काँग्रेसच्या कार्यात ओढले गेले. १९४६ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि ग. वा. मावळणकर यांच्यानंतर अध्यक्षपद फिरोदियांकडे आले.

१७५ सदस्यांचे ते सभागृह मालमत्ता, कर वा शिक्षणाची अट पुरी करणाऱ्या मोजक्याच मतदारांनी निवडले होते. काँग्रेसचे बहुमत मोठे. साहजिकच मूठभर विरोधकांना बोलण्याची संधी मिळणे अध्यक्षांच्या निःपक्षपणावर अवलंबून होते. समसमान मते पडल्याखेरीज अध्यक्षाने मत द्यायचे नाही, असा दंडक होता. १९४८ चा कुळकायदा आणि १९४९ चा दारूबंदी कायदा याच काळात संमत झाले.

१९५२ मध्ये प्रौढ मताधिकारावर निवडलेले ३१५ सदस्यांचे सभागृह अस्तित्वात आले आणि फिरोदियांची अध्यक्षीय कारकीर्द संपली. नवलमल व हस्तीमल या पुत्रांनी उद्योगक्षेत्रात नाव कमावले. १९६८ मध्ये कुंदनमलजींचे निधन झाले. मर्यादित मताधिकाराकडून लोकशाहीकडे जाणाऱ्या सभागृहाचे सुकाणू सहा वर्षे त्यांच्या हाती होते.