वाल्डेमार हाफकिन : लस प्रयोगशाळेतून लोकांपर्यंत नेणारे शास्त्रज्ञ

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते वाल्डेमार हाफकिन डॉक्टर नव्हते. ओडेसा शहरात १८६० साली जन्मलेले हाफकिन प्राणिशास्त्र शिकले होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्या प्रयोगशाळेत हाफकिन यांनी प्लेगचे जंतू वाढवले आणि उष्णता देऊन मारले. मेलेल्या जंतूंमुळे प्लेग होत नाही, पण शरीर त्यांना ओळखू लागते आणि प्रतिकारशक्ती तयार होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचली. नंतर भायखळा तुरुंगातील तयार असलेल्या कैद्यांना ती दिली गेली. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग आणि मृत्यू दोन्ही कमी आढळले. मात्र संरक्षण पूर्ण नव्हते आणि टोचल्यावर तापही येत असे.

एवढ्या लोकांसाठी लस बनवायला लहान जागा पुरणार नव्हती. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये मोठी प्रयोगशाळा सुरू झाली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे पुढे आले. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

लस चांगली असणे पुरेसे नाही. शेवटच्या गावात ती टोचणाऱ्याच्या हातापर्यंत स्वच्छता टिकावी लागते. म्हणून जालन्यातील आरोग्य केंद्र असो वा मुंबईतील रुग्णालय, प्रत्येकासाठी नवी सुई वापरली जाते ना आणि लसीची मुदत संपलेली नाही ना, हे निःसंकोच विचारा. लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच थांबा.