नगरात जन्मलेला विदूषक : स्पाइक मिलिगन
(बी. ए. द्वितीय वर्ष)

हास्य हे उत्तम औषध आहे, असे आपण शाळेपासून निबंधांतून लिहीत आलो आहोत. परंतु हे औषध तयार करणाऱ्या वैद्याच्या स्वतःच्या दुखण्याचे काय, आणि तेच औषध कोणाला तरी कडू लागते त्याचे काय, असा विचार आपण सहसा करीत नाही. हा विचार मला करावा लागला तो एका ब्रिटिश विनोदकाराच्या चरित्रामुळे.

हल्ली आमच्या कँटीनमध्ये चहाबरोबर हमखास निघणारा विषय म्हणजे इंग्रजी मालिका. कोणी 'फ्रेंड्स'चा भक्त, कोणी 'द बिग बँग थिअरी'चा, तर कोणाला 'शेरलॉक'पलीकडे जग दिसत नाही. 'मिस्टर बीन' मात्र सर्वांचा लाडका, कारण त्याला भाषाच लागत नाही! ज्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली, त्या घरात मोबाईलच्या पडद्यावर खालची अक्षरे वाचत वाचत हे कार्यक्रम पाहणे हेदेखील एक शिक्षणच असते. या वादात माझे मत कोणी विचारले, तर मी ज्यांचे नाव घेते ते ऐकून मैत्रिणी एकमेकींकडे पाहू लागतात. ते नाव म्हणजे स्पाइक मिलिगन. आपण आज ज्या तऱ्हेच्या विनोदी कार्यक्रमांना हसतो, त्यांपैकी कित्येकांचे मूळ या माणसापर्यंत जाऊन पोचते. आणि आश्चर्याची गोष्ट अशी, की या माणसाचे स्वतःचे मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे.

१६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, टेरेन्स ॲलन मिलिगन यांचा जन्म झाला. वडील लिओ हे आयरिश वंशाचे, ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात नोकरीला. आई फ्लॉरेन्स इंग्रज. वडिलांना लष्करी नोकरीइतकाच रंगभूमीचा नाद होता. फौजेतील करमणुकीच्या कार्यक्रमांत ते गात, नाचत, सोंगे आणीत. मुलाचे बालपण पुण्याच्या कॅम्पात आणि पुढे ब्रह्मदेशात रंगून येथे गेले. पुण्याच्या शाळेत नाताळच्या नाटकात त्याने विदूषकाचे काम केले, तेच त्याचे रंगमंचावरील पहिले पाऊल.

आपण सदरला राहणाऱ्या, शिकणाऱ्या मंडळींना हे वातावरण कल्पनेने उभे करणे कठीण नाही. रेसिडेन्सी रोड हे नावच ब्रिटिश रेसिडेंटाची आठवण सांगते. जुनी चर्चे, ऐसपैस बंगले, आणि हाकेच्या अंतरावरची कामठीची छावणी. छावणी तेथे सदर बाजार, ही त्या काळची रीतच होती. अशाच एखाद्या छावणीत एक गोरा मुलगा शिपाई, माळी, खानसामा यांच्या बोलण्याची नक्कल करीत हिंडत असेल, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येते. या मुलाच्या कानात आपल्या देशाची बोली लहानपणीच शिरली होती, एवढे मात्र पुढे त्याच्या कामावरून निश्चित दिसते.

१९३० च्या दशकाच्या आरंभी लष्करातील काटछाटीत वडिलांची नोकरी गेली आणि हे कुटुंब इंग्लंडला परतले. परतले म्हणायचे ते केवळ रूढीने. कारण मुलाच्या दृष्टीने तो परदेशच होता. हिंदुस्थानातील ऊन आणि मोकळी मैदाने मागे राहिली. दक्षिण लंडनमध्ये लहानशा जागेत, धुराने आणि धुक्याने भरलेल्या हवेत, पैशाची ओढाताण करीत संसार सुरू झाला. साहेबाचा मुलगा एका जलप्रवासानंतर गरिबाचा मुलगा झाला. शिक्षण लवकरच सुटले. किरकोळ नोकऱ्या करीत त्यांनी ट्रंपेट आणि गिटार ही वाद्ये आत्मसात केली व जाझ बँडांत वाजवू लागले. 'स्पाइक' हे नावही त्यांनी स्पाइक जोन्स या अमेरिकन विनोदी वाद्यवृंदकाराच्या नावावरून उचलले.

१९४० साली त्यांना सैन्यात भरती व्हावे लागले. तोफखान्यात राहून त्यांनी उत्तर आफ्रिका आणि इटली येथील लढाया पाहिल्या. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत मॉर्टरच्या स्फोटात ते जखमी झाले. शरीराची जखम भरली. मनाची कधीच भरली नाही. अंगाला कंप सुटे, बोलताना जीभ अडखळे. अशा माणसाला विश्रांती द्यायची सोडून वरिष्ठांनी त्यांचा हुद्दा काढून घेतला. आघाडीवरून मागे आल्यावर सैनिकांच्या करमणूक पथकात ते वाजवू लागले. हॅरी सीकोम या गायक-नटाशी त्यांची मैत्री युद्धकाळातच जमली होती.

युद्धानंतर मिलिगन, सीकोम, पीटर सेलर्स आणि मायकेल बेंटीन असे चार तरुण लंडनमध्ये एकत्र आले. २८ मे १९५१ रोजी बीबीसीच्या रेडिओवर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. तोच पुढे 'द गून शो' या नावाने गाजला आणि जानेवारी १९६० पर्यंत चालला. यातील बहुतेक भाग मिलिगन यांनी लिहिले. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा नवा, अचाट, तर्काच्या चिंधड्या उडवणारा विनोद लिहायचा, ही काय सोपी गोष्ट आहे? युद्धात अधिकाऱ्यांचे जे अजब हुकूम पाहिले, त्यांचाच सूड जणू त्यांनी आवाजाच्या जगात घेतला. परंतु या कामाची त्यांनी जबर किंमत मोजली. १९५२ च्या अखेरीस त्यांचे मानसिक संतुलन पूर्ण ढळले आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. उन्माद आणि खिन्नता यांच्यामध्ये हेलकावे खाणारा हा विकार त्यांना जन्मभर पुरला. विशेष हे, की त्यांनी तो लपविला नाही. मनाच्या आजाराविषयी चारचौघांत बोलणे लाजिरवाणे मानले जाई त्या काळात ते उघडपणे बोलले. १९९३ साली अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञांच्या सहकार्याने त्यांनी खिन्नतेवर एक पुस्तकही लिहिले.

याच १९५० च्या दशकाच्या अखेरीस आपले पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीचे तंत्र शिकण्यासाठी लंडनला बीबीसीत गेले होते. एकीकडे पुण्यात वाढलेला ब्रिटिश विनोदकार बीबीसीचा श्रोता हसवीत होता, आणि दुसरीकडे मराठीचा लाडका विनोदकार त्याच संस्थेत धडे घेत होता, हा योगायोग मोठा गमतीचा वाटतो.

आता मिलिगन यांच्या दूरचित्रवाणीकडे वळू. १९५६ साली 'ए शो कॉल्ड फ्रेड' या कार्यक्रमाने त्यांनी पडद्यावर प्रयोग सुरू केले. पण खरी क्रांती झाली ती मार्च १९६९ मध्ये, बीबीसीवरील 'क्यू फाइव्ह' या मालिकेने. तोपर्यंत विनोदी प्रवेशाची एक ठरलेली चाल होती : सुरुवात, मध्य, आणि शेवटी टाळी घेणारे वाक्य. मिलिगन यांनी तो शेवटच काढून टाकला! प्रवेश मध्येच थांबे. नटमंडळी आता पुढे काय, अशा चेहऱ्याने प्रेक्षकांकडे पाहत राहत. कपड्यांना कपडेपटाच्या चिठ्ठ्या तशाच लोंबकळत असत. ही मालिका पाहून पाच इंग्रजी भाषक तरुण आणि एक अमेरिकन चित्रकार चकित झाले, कारण त्यांच्या मनात घोळत असलेली कल्पना मिलिगन यांनी आधीच पडद्यावर आणली होती. त्यांनी मिलिगन यांचेच दिग्दर्शक इयान मॅकनॉटन यांना आपल्याकडे घेतले, आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये 'मॉन्टी पायथन' जन्माला आला. पुढे १९७५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वरही पायथनची छाप पडली. म्हणजे एका छावणीतल्या मुलाचा खोडकरपणा अटलांटिक ओलांडून गेला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

येथपर्यंत चरित्र वाचताना माझी मान अभिमानाने ताठ झाली होती. पण पुढचे पान उलटले आणि ती थोडी खाली आली. त्याच १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये 'करी अँड चिप्स' नावाची मालिका ब्रिटनच्या व्यापारी वाहिनीवर आली. जॉनी स्पाइट यांनी लिहिलेल्या या मालिकेत मिलिगन यांनी तोंडाला तपकिरी रंग फासून, आयरिश बापाचा म्हणविणाऱ्या पाकिस्तानी कामगाराचे सोंग घेतले होते. त्याची इंग्रजी, त्याची लकब, त्याच्यावर कारखान्यातील सहकाऱ्यांनी ओतलेली शेलकी विशेषणे, हाच विनोद. वर्णद्वेषाची टवाळी करण्याचा हेतू आहे, असे कर्त्यांचे समर्थन होते. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या आणि सहा भागांनंतर नियामक मंडळाच्या आदेशाने मालिका बंद पडली. १९७५ मध्ये 'द मेल्टिंग पॉट' या मालिकेत त्यांनी पुन्हा तसलेच सोंग काढले. त्यावेळी एकच भाग दाखवून बीबीसीने उरलेले गुंडाळून ठेवले.

ज्या मातीत बालपण गेले, तिच्याच लेकरांच्या बोलण्याची अशी थट्टा का करावी? या प्रश्नाने मला अस्वस्थ केले, त्याला कारण आहे. एकदा बाहेरगावी एका वक्तृत्व स्पर्धेत माझ्या तोंडून सहज 'मी सांगून राहिले' असे आपले नागपुरी मराठी निघाले आणि सभागृहात खसखस पिकली. मुद्दा कोणाच्या लक्षात राहिला नाही. क्रियापद तेवढे राहिले. त्या हसण्यात दुष्टावा नसेलही. पण हसणारे वर बसलेले होते आणि मी खाली उभी होते. विनोदात कोण कोठे उभा आहे, हे महत्त्वाचे असते, हे मी त्या दिवशी शिकले.

याउलट लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवून पाहा. त्यातही खेडवळ बोली आहे, फजिती आहे, परदेशात उडालेला गोंधळ आहे. पण ते हसू घरातले आहे. सांगणारा त्या वऱ्हाडातलाच एक असतो, म्हणून आपण पोट धरून हसतो आणि कोणाचे मन दुखावत नाही. पुलंच्या अंतू बर्व्याचे कोकणी बोलणे ऐकतानाही त्याच्याविषयी जिव्हाळाच वाटतो.

मग मिलिगन कोठले? घरातले की बाहेरचे? मला वाटते, हाच त्यांच्या जीवनाचा पेच आहे. हिंदुस्थानात ते साहेबाचे पोर होते. इंग्लंडमध्ये ते हिंदुस्थानातून आलेले पोर ठरले. ज्या राज्यासाठी युद्धात जखमी झाले, त्या राज्याने पुढे त्यांना पासपोर्ट नाकारला. त्यांचा जन्म परदेशातला होता, आणि निष्ठेची शपथ घ्यायला त्यांची तयारी नव्हती. अखेर वडिलांच्या वंशामुळे त्यांनी आयरिश नागरिकत्व पत्करले. कोठेच पुरता न मावणारा हा माणूस सर्वांच्याच बोलींची सोंगे काढीत राहिला. त्यात इंग्रज अधिकारीही सुटले नाहीत, हे खरे. परंतु इंग्रज अधिकाऱ्याची थट्टा केली तर त्याचे काही बिघडत नसे. स्थलांतरित कामगाराची केली तर दुसऱ्या दिवशी कारखान्यात आणि शाळेत त्याच्या मुलाबाळांना ती ऐकून घ्यावी लागे. हा फरक मिलिगन यांच्यासारख्या सहृदय माणसाच्याही ध्यानात आला नाही, असे मला नम्रपणे वाटते.

या हिशेबाची परतफेड मोठ्या सुंदर रीतीने झाली. पीटर सेलर्स यांनी १९६० च्या 'द मिलियनेअरेस' चित्रपटात भारतीय डॉक्टरचे सोंग घेतले होते, आणि त्यावरून निघालेले 'गुडनेस ग्रेशस मी' हे विनोदी गाणे ब्रिटनभर गाजले होते. १९९८ साली भारतीय वंशाच्या कलावंतांनी बीबीसीच्या पडद्यावर आपली मालिका आणली आणि तिला नेमके तेच नाव दिले. मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घिर आणि मुंबईत जन्मलेल्या नीना वाडिया यांनी चित्र पार उलटे करून टाकले. त्यातील एका प्रवेशात मुंबईची तरुण मंडळी रात्री इंग्रजी खानावळीत जातात, वेटरच्या नावाचा चुकीचा उच्चार करतात आणि सर्वांत बेचव पदार्थ मागवून फुशारकी मारतात. इंग्रज प्रेक्षकांनी आरशात स्वतःला पाहिले आणि तेही खळखळून हसले. माझ्या आवडत्या कार्यक्रमांच्या यादीत 'क्यू फाइव्ह'च्या शेजारी मी हा कार्यक्रम ठेवते.

मिलिगन यांनी मुलांसाठी गमतीच्या कविता लिहिल्या, युद्धाच्या आठवणींचे अनेक खंड लिहिले, झाडे आणि प्राणी वाचविण्यासाठी चळवळी केल्या. २००१ साली त्यांना मानद 'सर'की मिळाली. आयरिश नागरिक असल्यामुळे ती मानदच राहिली. २७ फेब्रुवारी २००२ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. विंचेल्सी येथे त्यांचे दफन झाले. आपण आजारी असल्याचे आपण आधीच सर्वांना सांगितले होते, अशा अर्थाचा विनोद थडग्यावर कोरावा, अशी त्यांची इच्छा होती. धर्मखात्याने इंग्रजीत तो कोरू दिला नाही, म्हणून तो आयरिश भाषेत कोरला गेला. मरणानंतरही या माणसाने अधिकाऱ्यांना भाषेच्या पेचात पकडले!

अशा माणसाला आदर्श मानून हार घालणे सोपे, आणि एका काळ्या डागासाठी मोडीत काढणे त्याहून सोपे. मला दोन्ही पटत नाही. स्वतःच्या फुटलेल्या मनातून जगाला हसू देणाऱ्या या कलावंताकडून आपण नियम मोडण्याचे धाडस घ्यावे, आणि त्याच्या चुकीतून एक सावधपणा घ्यावा. मित्रहो, इंग्रजी मालिका जरूर पाहा, पोटभर हसा, कँटीनमध्ये त्यांच्यावरून भांडाही. फक्त हसता हसता एकदा पाहून घ्या, की हे हसू कोणाच्या बरोबर आहे आणि कोणाच्या अंगावर आहे. आणि उद्या कॉलेजात नव्याने आलेल्या एखाद्या मुलाच्या तोंडून 'मी जाऊन राहिलो' असे निघाले, तर त्याचे क्रियापद राहू द्या. तो काय सांगतो आहे ते ऐका.