जेनेट रँकिन

अमेरिकेच्या वायव्य भागात माँटाना नावाचे डोंगराळ राज्य आहे. तेथील मिझूला गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात ११ जून १८८० रोजी जेनेट रँकिन हिचा जन्म झाला. भावंडांत ती थोरली. घरकामाबरोबर शेतावरील कष्टाची कामेही ती करी. स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने राबतात, मग त्यांना मताचा अधिकार का नसावा, हा प्रश्न पुढे तिच्या मनात घर करून राहिला.

१९०२ साली पदवी मिळाल्यावर तिने काही काळ शिक्षिकेचे काम केले. नंतर स्त्रियांच्या मताधिकारासाठी तिने स्वतःला वाहून घेतले. १९१४ साली माँटानातील स्त्रियांना तो अधिकार मिळाला. दोनच वर्षांनी तेथील मतदारांनी रँकिनबाईंना अमेरिकेच्या संसदेवर निवडून दिले. तेथे निवडून आलेल्या त्या पहिल्याच स्त्री होत. देशातील बहुसंख्य राज्यांतील स्त्रियांना तेव्हा मतदानाचाही पूर्ण अधिकार नव्हता!

पद स्वीकारताच त्यांची कसोटी लागली. जर्मनीशी युद्ध पुकारावे की नाही, हा प्रश्न एप्रिल १९१७ मध्ये सभागृहापुढे आला. युद्धाला विरोध केल्यास स्त्रियांच्या चळवळीची हानी होईल, अशी भीती काही सहकारी स्त्रियांना वाटत होती. तरीही बाईंनी विरोधी मत दिले. त्यांच्यासारखेच मत ४९ पुरुषांनीही दिले होते. परंतु टीकेचा भडिमार झाला तो मुख्यतः बाईंवर. १९१८ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. मात्र ज्या घटनादुरुस्तीसाठी त्या संसदेत झगडल्या, ती १९२० साली अमलात आली.

१९४० साली साठाव्या वर्षी त्या पुन्हा निवडून आल्या. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी युद्धाच्या बाजूने ३८८ मते पडली. विरोधी मत एकच, रँकिनबाईंचे. संतप्त जमावापासून बचावासाठी त्यांना दूरध्वनीच्या खोपटात आश्रय घ्यावा लागला. पुढील निवडणुकीस त्या उभ्या राहिल्या नाहीत.

गांधीजींच्या अहिंसेविषयी त्यांना फार आदर होता. तिच्या अभ्यासासाठी त्या अनेकदा भारतात आल्या. १९६८ साली, ८७ व्या वर्षी, व्हिएतनाममधील युद्धाविरुद्ध निघालेल्या स्त्रियांच्या मोर्च्याचे त्यांनी नेतृत्व केले. १८ मे १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे मत सर्वांना पटले नाही, आजही पटत नाही. परंतु सारे सभागृह एका बाजूला असताना आपल्या विवेकाला स्मरून एकटे उभे राहण्यास जे धैर्य लागते, ते त्यांच्या ठायी होते.