मुलांच्या दिवसात शिरलेली शाळा : ताराबाई मोडक

शाळेची आठवण निघाली की आधी घंटा कानात वाजते. प्रार्थना, हजेरी, पाढे, मधली सुट्टी हा क्रम आपल्या अंगवळणी पडला होता. पण ज्या मुलांच्या दिवसात शाळेच्या घंटेला जागाच नव्हती, त्यांचे काय? हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर सोडवला, त्या ताराबाई मोडक यांची ही ओळख.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत, प्रार्थना समाजाच्या वळणाच्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या आणि राजकोटला प्राचार्य झाल्या. ती मानाची जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

तिथे माँटेसोरी पद्धत होती. पाणी ओतणे, गुंड्या लावणे, वस्तू जागच्या जागी ठेवणे ही रोजची कामे म्हणजेच शिक्षण. रोज तेच काम केले की हात स्थिर होतो, आता पुढे काय हे मुलाला कळते आणि त्याची भीती जाते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले.

पण ही शहरातली, सुस्थितीतल्या घरांतली मुले होती. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतली मुले येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली, घरापुढच्या अंगणात भरली. अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने आणि खडे. हीच अंगणवाडी.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांत गेले. तिथे मुलांना दिनक्रम आधीच होता. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायची, मुलगा गुरे राखायचा. ही कामे सोडा, असे ताराबाईंनी सांगितले नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली. भावंड पाळणाघरात राहिले आणि ताई वर्गात बसू शकली. गुराख्यांसाठी कुरणावरच शाळा भरली. त्यांच्या दिवसात जिथे फट सापडली, तिथे शाळा शिरली.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७३ साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली. आज देशभर तिची केंद्रे अंगणवाडी याच नावाने ओळखली जातात.

आपल्यातले बरेच जण आता आजी-आजोबा झाले आहेत. तीन वर्षांच्या नातवंडाचे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेले दिसते : शाळा, क्लास, दुसरा क्लास. त्यात त्याने स्वतः पाणी ओतायला, चपला जागेवर ठेवायला आणि रोज तीच गोष्ट पुन्हा ऐकायला वेळ आहे का, एवढे आपण पाहू शकतो. नसेल, तर तो वेळ आपल्याकडे आहे. ताराबाईंनी वाढत्या वयातच नवा गाव गाठला होता. आपल्याला तर फक्त स्वयंपाकघरापर्यंत जायचे आहे.