समजून घ्या : मेहेरबाबांचा मोडलेला खुबा आणि हाडाच्या रुग्णांना असलेला गुठळीचा धोका

अहिल्यानगरजवळ अरणगावच्या मेहेराबादला दरवर्षी ३१ जानेवारीला अमरतिथीसाठी देश-विदेशातून भाविक येतात. ज्यांच्या समाधीसाठी ही गर्दी होते ते मेहेरबाबा, म्हणजेच मेरवान शेरियार इराणी, २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात जन्मले. १० जुलै १९२५ पासून त्यांनी धरलेले मौन अखेरपर्यंत टिकले. पायपीट मात्र सुरूच होती. ऑक्टोबर १९४९ मध्ये निवडक शिष्यांसह निघालेल्या बाबांनी उत्तर भारतातला बराच प्रवास पायीच केला.

दोन अपघात
२४ मे १९५२ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मोटार अपघातात त्यांचा पाय मोडला. २ डिसेंबर १९५६ रोजी साताऱ्याजवळ पुन्हा अपघात झाला. सोबतचे एक डॉक्टर शिष्य दगावले आणि ६२ वर्षांच्या बाबांच्या खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर चालणे अवघड झाले. तरी १९५८ मध्ये ते अमेरिका व ऑस्ट्रेलियाला जाऊन आले. ३१ जानेवारी १९६९ रोजी मेहेराझाद येथे त्यांनी देह ठेवला.

धोका नेमका कशाचा?
खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो. पायातले रक्त संथ होते, मार किंवा शस्त्रक्रियेमुळे शिरेला इजा होते आणि रक्त लवकर गोठू लागते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीवावर बेतते.

साताऱ्याच्या अपघातानंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी खुबा मोडलेल्या ३०० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रक्त पातळ ठेवणारे औषध आधीच दिलेल्यांमध्ये गुठळ्या खूपच कमी आढळल्या. गुठळी होण्याची वाट न पाहता ती टाळायची, हा विचार तिथून रुजला.

आज काय करायचे?
• शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर उठून चाला. पडून असताना पावले वर-खाली हलवा.
• खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर इंजेक्शन किंवा गोळ्या ३५ दिवसांपर्यंत घ्याव्या लागू शकतात. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका.
• पूर्वी गुठळी झाली असेल, कर्करोग असेल किंवा हार्मोनच्या गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा.
• एकाच पायाला सूज आली किंवा पोटरी दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तडक रुग्णालय गाठा.

घरी सोडल्यानंतरही काही आठवडे हा धोका राहतो. म्हणून या खुणा घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात.