डॉ. कोटणीस: जखमीकडे चालत गेलेला आणि इतरांना शिकवून गेलेला डॉक्टर

आपल्या आधीच्या पिढीला डॉ. कोटणीस हे नाव माहीत झालं ते सिनेमामुळं. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि डॉक्टरांची भूमिका स्वतःच केली. ज्या पुस्तकावरून हा सिनेमा निघाला, ते ख्वाजा अहमद अब्बास यांचं. पानिपतच्या हालींच्या घराण्यातले अब्बास तेव्हा मुंबईत पत्रकार होते. सोलापूरच्या एका मराठी डॉक्टरची कहाणी उर्दूच्या लेखकानं लिहिली, मराठी दिग्दर्शकानं दाखवली आणि तिला संगीत दिलं आपल्या कोकणच्या वसंत देसाईंनी.

आज मुलांना हे नाव विचारलं, तर बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं की ते चीनला गेले आणि तिथंच वारले. ते तिथं रात्रंदिवस ऑपरेशनं करत होते हे खरंच. पण त्यांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग आपण विसरलो. त्यांनी शेकडो मैल दूर, परक्या भाषेत, साध्या शेतकरी घरांतल्या पोरापोरींना जखमी माणूस कसा सांभाळायचा याची तालीम दिली. बारावीनंतर पुढं काय, हा प्रश्न ज्या घरात आहे, त्या घरानं हा भाग जरूर वाचावा.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. वडिलांची इच्छा मुलानं शिकून मोठं व्हावं. द्वारकानाथ मुंबईत आले, परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाले. आता पुढची पदवी घ्यायची, म्हणजे मान आणि पैसा दोन्ही मिळेल, अशी तयारी चालू होती.

तेवढ्यात चीनमधून हाक आली. जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं होतं. गावंच्या गावं जळत होती, जखमींची गणती नव्हती आणि डॉक्टर फार थोडे होते. चिनी सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केलं. आपला देश तेव्हा स्वतःच गुलाम आणि गरीब होता. तरी लोकांनी वर्गणी काढून २२ हजार रुपये जमवले. त्या पैशांतून पाच डॉक्टर, औषधं आणि एक ॲम्ब्युलन्स पाठवायचं ठरलं.

हिंदुस्थानातून दुसऱ्याच्या लढाईत मलमपट्टी करायला माणसं जाण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १९१२ च्या डिसेंबरात डॉ. मुख्तार अहमद अन्सारी बाल्कन युद्धातल्या तुर्की जखमींसाठी वैद्यकीय पथक घेऊन गेले होते. त्या पथकात चौधरी खलीकुज्जमाँ यांच्यासारखे अलीगढचे तरुण विद्यार्थीही होते. हे तरुण काही डॉक्टर नव्हते. पण पट्ट्या बांधणं, जखमी उचलणं, रात्री पहारा करणं ही कामं त्यांनी शिकून घेतली. पुढं काँग्रेसचे अध्यक्ष आणि जामिया मिल्लियाचे कुलपती झालेल्या अन्सारी साहेबांचं १९३६ मध्ये निधन झालं. दोनच वर्षांनी हे दुसरं पथक निघालं.

या पथकाचे प्रमुख डॉ. मदन अटल. त्यांनी स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेलं होतं. सोबत नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हतं. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीनं त्यांनी मुंबई सोडली. पुढच्या पदवीचा विषय तिथंच संपला.

चीनच्या दक्षिणेला कँटनला त्यांचं स्वागत झालं. नंतर लढाई जसजशी सरकत गेली तसतसं पथकही शहरामागून शहर हलत गेलं. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते उत्तरेला येनानला पोहोचले. तिथं लोक डोंगरात खोदलेल्या गुहांत राहत आणि दवाखानाही तसाच. पाचही डॉक्टरांनी आपल्या नावापुढं चीनचा अर्थ असणारं ‘हुआ’ हे अक्षर लावलं. कोटणीस झाले के दिहुआ. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची खबर त्यांना मिळाली. घरी परतावं असं कुणालाही वाटलं असतं. ते थांबले. बाकीचे सहकारी एकेक करून मायदेशी परतत गेले. कोटणीस आणि बसू आघाडीजवळच्या डोंगराळ मुलखाकडे निघाले.

इथं एका दुसऱ्या डॉक्टरची ओळख करून घ्यायला हवी. त्याच्याशिवाय कोटणीसांचं काम समजत नाही. नॉर्मन बेथून हे कॅनडाचे सर्जन. स्पेनच्या युद्धात त्यांनी गाडीतून रक्त नेऊन आघाडीजवळ जखमींना चढवायची व्यवस्था उभी केली होती. १९३८ मध्ये ते चीनला आले. जखमीला खेचरावर, स्ट्रेचरवर दोन-तीन दिवस वाहून दवाखान्यात आणायचं, तोवर तो रक्तानं नाहीतर जखम सडून जायचा. म्हणून दवाखानाच जखमीकडे न्यायचा, हा बेथून यांचा आग्रह. ऑपरेशनचं सामान खेचरावर लादून ते लढाईच्या जवळ जात. पण एकटा सर्जन किती ठिकाणी पुरणार? म्हणून त्यांनी तिथल्याच तरुणांना शिकवायला घेतलं. त्यासाठी शाळाही निघाली. नोव्हेंबर १९३९ मध्ये ऑपरेशन करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष अंगात भिनलं आणि बेथून गेले. त्या शाळेला आणि दवाखान्याला त्यांचं नाव दिलं गेलं.

१९४० मध्ये कोटणीस त्या मुलखात आले. त्याच वर्षीच्या मोठ्या लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास झोप न घेता ऑपरेशनं केली आणि आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. आणि बेथून यांच्या नावाच्या शाळेत मास्तरही झाले.

मास्तर म्हणून मला त्यांच्या या कामाचं जास्त कौतुक वाटतं. समोरचे विद्यार्थी बहुतेक खेड्यांतले, शाळेचं शिक्षण बेताचं. इंग्रजीचा गंध नाही. दुभाषा लावून शिकवता आलं असतं. पण दुभाष्यामार्फत हुनर हातात उतरत नाही. कोटणीस चिनी शिकले, बोलायला शिकले आणि लिहायलाही. मग चिनी भाषेतच शस्त्रक्रियेचे धडे देऊ लागले. पुस्तकं नव्हती, म्हणून स्वतः लिहायला बसले. शस्त्रक्रियेच्या मूलतत्त्वांवरचं एक पुस्तक पूर्ण केलं, दुसरं हातात घेतलं. दिवसा रोगी आणि वर्ग, रात्री दिव्याच्या उजेडात लिखाण.

त्याच शाळेत को छिंगलान नावाच्या परिचारिका शिकवत होत्या. १९४१ मध्ये दोघांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान, ‘हुआ’ म्हणजे चीन.

पण कोटणीसांची तब्येत ढासळत होती. त्यांना फिट येऊ लागल्या होत्या. विश्रांती घ्यायला सांगूनही काम सुटलं नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यात त्यांचा मृत्यू झाला. वय बत्तीस. बाळ साडेतीन महिन्यांचं. दुसरं पुस्तक अर्ध्यावर राहिलं.

हपेई प्रांतातल्या शीच्याच्वांग शहराच्या हुतात्मा स्मशानभूमीत बेथून आणि कोटणीस या दोघांच्या कबरी आहेत. सोलापुरात त्यांच्या राहत्या घराचं स्मारक झालं आहे. आणि शीच्याच्वांगमध्ये त्यांच्या नावानं एक वैद्यकीय शाळा चालते. मला वाटतं, या सगळ्यांत त्यांना सगळ्यात जास्त आवडली असती ती ही शाळा. पुतळा माणसाची आठवण ठेवतो, शाळा त्याचं काम पुढं चालवते.

आता आपल्या रत्नागिरीकडं वळू. इथं लढाई नाही, पण अंतर तेच आहे. मुंबई-गोवा महामार्गावरचे कशेडी आणि परशुराम घाट, हातखंब्याचं वळण, पावसाळ्यातले रस्ते. मार्च २०१३ मध्ये खेडजवळ जगबुडी नदीत बस कोसळली आणि ३७ माणसं गेली, ते अजून कुणी विसरलेलं नाही. समुद्रावर बुडणारे, आंब्याच्या झाडावरून पडणारे, विंचू-साप चावलेले, रात्री-बेरात्री अडलेल्या बाळंतिणी, असे प्रसंग वाडीवाडीत घडतात. मोठा दवाखाना तासाभराच्या वाटेवर असतो. मोटार वाहन कायद्यात दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हटलंय, ते उगीच नाही. त्या तासात माणसाजवळ जो असतो, त्याला काही येतं की नाही, यावर सगळं ठरतं.

हे काम शिकवणारं शिक्षण म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचं. श्वासाची वाट मोकळी कशी करायची, वाहतं रक्त दाबून कसं थांबवायचं, मानेला हिसका न देता माणूस कसा उचलायचा, मोडलेल्या हाडाला आधार कसा द्यायचा, हे सगळं त्यात येतं. हृदय बंद पडलं तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला किमान पाच सेंटिमीटर खोल दाबायचं असतं. वाचायला सोपं आहे. हात सरावलेले नसले तर दुसऱ्याच मिनिटाला दम लागतो आणि दाब उथळ पडतो. सापाच्या दंशाला चिरा द्यायचा नाही, घट्ट आवळायचं नाही, हलू न देता लवकर दवाखान्यात न्यायचं. हेही शिकावंच लागतं, कारण गावात उलट सल्ला देणारे शंभर भेटतात.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ ॲम्ब्युलन्सवर सुरू झाली. आपल्याकडं त्या गाडीत डॉक्टर असतो. बाहेरच्या काही राज्यांत हेच काम प्रशिक्षित टेक्निशियन करतात. खासगी रुग्णालयांना आणि कारखान्यांनाही अशी माणसं लागतात. २०२१ साली संसदेनं संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट या व्यवसायाचं नाव स्पष्ट आहे. म्हणजे हा आता ‘कंपाउंडरसारखं काहीतरी’ राहिलेला नाही.

आई-वडिलांना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. नीटमध्ये मार्क कमी पडले की घरात मातम होतो. मग कुणीतरी सांगतं, अमुक ठिकाणी पैसे भरा, तीन महिन्यांत सनद हातात. भरण्याआधी चार गोष्टी विचारा. सनद कोण देतं आणि ती संस्था सरकारी यादीत आहे का? प्रवेशाला बारावी सायन्स लागतं का? शिकताना प्रत्यक्ष रुग्णालयात आणि ॲम्ब्युलन्सवर काम करायला मिळतं का? पास झालेली मुलं आज कुठं कामाला आहेत? आखातात पाठवायचा विचार असेल तर तिथल्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो आणि कागदपत्रांची कसून तपासणी होते, हे आधीच लक्षात घ्या. नुसता छापलेला कागद तिथं चालत नाही. आणि घाटात, रक्तबंबाळ माणसासमोर तर तो कुठंच चालत नाही.

ज्यांना हा पेशा करायचा नाही, त्यांनीही प्रथमोपचाराचे दोन-चार तास शिकून घ्यावेत. जखमीला मदत केली तर पोलिसांचं लचांड मागं लागेल ही भीती जुनी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नं अपघातात चांगल्या भावनेनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव-पत्ता सांगायचीही सक्ती नाही. तेव्हा गाडी थांबवा, १०८ लावा आणि जे नीट येतं तेवढंच करा.

डॉ. कोटणीसांजवळ पदवी होती, पुढची मोठी पदवीही आवाक्यात होती. ते त्या पदवीमागं गेले नाहीत आणि आपलं ज्ञान स्वतःजवळ राखूनही ठेवलं नाही. बत्तीस वर्षांच्या आयुष्यातली शेवटची दोन वर्षं त्यांनी स्वतःसारखे हात तयार करण्यात घालवली. त्यांच्या नावाची शाळा आजही भरते. आपल्या वाडीतला एक मुलगा, एक मुलगी जरी हे काम नीट शिकून आली, तरी पुढच्या पावसाळ्यात घाटात पडलेल्या एखाद्या अनोळखी माणसाच्या घरी चूल पेटती राहील. खिदमत म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते?